डब्याची मागची बाजू

परवा भाचीचा फोन आला. नागपूरला नोकरी लागल्यापासून ती एकटी राहते, आणि आता तिनं घरात कुत्र्याचं पिल्लू आणलंय. तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, ही बातमी बहुतेक हा लेख वाचूनच कळणार. ताई, रागावू नकोस. :)

भाचीचा प्रश्न साधा होता. "मामा, हे डब्यातलं खाणं चांगलं असतं का हो?" आणि मागोमाग डब्याचा फोटो. चकचकीत डबा, त्यावर हसरा कुत्रा, बाजूला गाजराचे तुकडे आणि भाजलेली कोंबडीची तंगडी. मी तिला लिहिलं, "डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव." तिनं पाठवला, पण अक्षरं इतकी बारीक की काही वाचता येईना. दोनदा परत काढायला लावला. शेवटी ती वैतागून म्हणाली, "तुम्ही फक्त हो किंवा नाही सांगा ना."

एका शब्दात सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण या बाबतीत मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय. तेव्हा हे उत्तर सगळ्यांसमोरच लिहितो. जरा लांबण लागेल.

*

२०११ सालची गोष्ट. आमच्या तुकूमच्या घरामागे एक कुत्री व्याली आणि आठवड्याभरात गाडीखाली गेली. पिल्लांमधलं एकच जगलं. ते आईनं उचलून आणलं आणि नाव ठेवलं राणी. आई मूलकडची, झाडीपट्टीतली. तिच्या माहेरी प्रत्येक घरी कुत्रं असायचं आणि त्याच्या जेवणाचा कुणी वेगळा विचार करत नसे. आई राणीला तांदळाच्या चुरीची पेज द्यायची. मासोळी आणली की मुंडकी राणीची. ती मुंडकी कुकरमध्ये मऊ शिजवून, पाट्यावर काट्यांसकट वाटून पेजेत कालवायची. कधी मूठभर सुके झिंगे, कधी अंडं. घरभर वास सुटायचा आणि मी नाक मुरडायचो.

जुलैत आई ताईकडे पुण्याला गेली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. आधी एक डोळा, मग दुसरा, मग ताईनं पावसाळा संपेपर्यंत ठेवून घेतलं. इकडे राणी माझ्याकडे. पाट्यावर मासोळी वाटणं माझ्याच्यानं होणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते अडाणीपणाचं वाटायचं. मी नागपूरहून डब्यांचा खोकाच आणला. डब्यावर कोंबडीचं चित्र, मागे टक्केवारी छापलेली. चला, म्हटलं, आता शास्त्रशुद्ध खाणं सुरू! सोबत उकडलेली बिनहाडांची कोंबडी. राणी ताट चाटूनपुसून खायची. तिची कातडी चमकायला लागली, मी खूष.

सप्टेंबर संपता संपता ती लंगडायला लागली. आधी वाटलं काटा रुतला असेल. मग जिना चढेना. मग पुढचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसायला लागले. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, फिल्म उजेडात धरली आणि मला विचारलं, "काय खायला घालता?" मी अभिमानानं रिकामा डबा पिशवीतून काढून दिला. त्यांनी तो उलटा केला, चष्मा वर सरकवला आणि मागच्या बाजूच्या तळाशी असलेल्या एका ओळीवर बोट ठेवलं. त्या ओळीत लिहिलं होतं की हे पूरक खाद्य आहे, पूर्ण आहार नाही. अधूनमधून देण्यापुरतं. मी ते वाढत्या पिल्लाला तीन महिने रोज दोन वेळा घातलं होतं.

कंपनीनं लपवलं काहीच नव्हतं. छापलेलं होतं. मीच पुढची बाजू वाचली आणि मागची नाही.

दसऱ्याला आई परत आली. आझाद हिंदनं नागपूर, तिथून बस. दारातच राणीचे पाय बघून ती खाली बसली. सगळं ऐकून घेतलं, डबा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि एवढंच म्हणाली, "काटे कुठी हायेत रे याच्यात?"

आईला कॅल्शियम हा शब्द माहीत होता की नाही कोण जाणे. पण डॉक्टरांनी अर्धा तास जे समजावलं ते हेच होतं. नुसत्या मांसात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर आणि कॅल्शियम नावालाच, साधारण पंधरा-वीसाला एक या प्रमाणात. कुत्र्याला लागतं ते याच्या उलट. कॅल्शियम स्फुरदाइतकं किंवा त्याच्या दुपटीपर्यंत हवं. पोटातून कॅल्शियम मिळालं नाही की शरीर ते हाडांतून उकरून काढतं. वाढत्या पिल्लाची हाडं मग आतून पोकळ होतात.

राणीला सहा आठवडे एका कोपऱ्यात बांधून ठेवलं, खाणं बदललं, औषधं दिली. त्या सहा आठवड्यांत रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून मी वाचायला लागलो. सुरुवात अपराधीपणापोटी झाली. पण जे सापडलं त्यानं मी थक्क झालो. मंडळी, अन्न म्हणजे काय हे माणसाला जे कळलं आहे, त्यातलं बरंचसं कुत्र्यांनी शिकवलेलं आहे. आणि त्यासाठी बिचाऱ्यांनी जी किंमत मोजली ती वाचवत नाही.

*

१८१६ साली पॅरिसमध्ये फ्रान्स्वा माजांदी नावाच्या शास्त्रज्ञानं एका तीन वर्षांच्या कुत्र्याला फक्त पांढरी साखर आणि शुद्ध पाणी द्यायला सुरुवात केली. पहिला आठवडा कुत्रा मजेत होता. दुसऱ्या आठवड्यात खंगायला लागला. मग डोळ्यांच्या बुबुळांवर व्रण पडले. बत्तिसाव्या दिवशी मेला. माजांदीनं नुसतं तेल देऊन पाहिलं, नुसता डिंक, नुसतं लोणी. परिणाम तोच. पोट भरलेलं असूनही प्राणी उपासमारीनं मरू शकतो, ज्या अन्नात नत्र (नायट्रोजन) नाही ते एकटं जगवू शकत नाही, हे तिथे पहिल्यांदा स्पष्ट दिसलं.

पुढे त्याच पॅरिसात वेगळाच वाद पेटला. इस्पितळातल्या रुग्णांना आणि गरिबांना हाडं उकळून काढलेल्या जिलेटिनचं सूप दिलं जात होतं. स्वस्त, आणि नत्रानं भरलेलं! मग मांस हवंच कशाला? ॲकॅडमीनं समिती नेमली, माजांदी तिच्यात होताच. परत कुत्रे, परत प्रयोग. १८४१ च्या अहवालात निष्कर्ष आला की जिलेटिन एकटं जगवू शकत नाही. म्हणजे नत्र असणं पुरेसं नाही, ते कुठल्या रूपात आहे यावर सगळं अवलंबून. आज आपण याला प्रथिनांची गुणवत्ता म्हणतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १९१९ च्या सुमारास इंग्लंडात एडवर्ड मेलनबी. तिकडच्या गरीब वस्त्यांत मुडदूस घरोघरी. मेलनबीनं पिल्लांना घरात कोंडून ओटची पेज मुख्य असलेला आहार दिला. पिल्लांचे पाय वाकले. कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं तर वाकले नाहीत. यातून पुढे ड जीवनसत्त्वाचा शोध लागला. लहानपणी ज्यांनी नाक दाबून ते तेल गिळलं असेल त्यांनी मेलनबीच्या पिल्लांची आठवण ठेवावी. मी ते वाचत होतो आणि समोर राणी वाकडे पाय पसरून झोपली होती. कारण वेगळं, पण पाय तसेच.

अमेरिकेत दक्षिणेकडे मका खाणाऱ्या गरिबांना पेलाग्रा व्हायचा. कातडी सोलते, जुलाब, शेवटी भ्रम. जोसेफ गोल्डबर्गरनं दाखवलं की तसाच आहार दिला तर कुत्र्यांची जीभ काळी पडते आणि ती मरतात. दोन्ही रोग एकच. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेहेमनं निकोटिनिक आम्लानं कुत्र्यांची काळी जीभ बरी केली, आणि मग माणसंही बरी झाली.

आणि ही साखळी आपल्या शेजारपर्यंत येते. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकात एका कोड्याच्या मागे होते. दख्खनच्या पठारावर मका न खाणाऱ्या, ज्वारीवर जगणाऱ्या लोकांना पेलाग्रा का होतो? त्यांचा तर्क होता की ज्वारीत ल्युसिन नावाचं एक अमिनो आम्ल फार असतं आणि ते निकोटिनिक आम्लाच्या आड येतं. पुरावा शोधायला परत पिल्लंच. ल्युसिन वाढवलेल्या आहारावर पिल्लांची जीभ काळी पडली. या तर्कावर पुढे बरेच वाद झाले, तो भाग सोडा. मला बसलेला धक्का वेगळा होता. आमच्याकडे वरोरा-चिमूर पट्ट्यात कितीतरी घरी कुत्र्याला ज्वारीची भाकर आणि ताक, एवढंच वर्षानुवर्षं मिळायचं. तिथल्या कुत्र्यांच्या जिभा कुणी पाहिल्या असतील?

*

आता डब्याकडे येतो.

विकतच्या कुत्र्याच्या खाण्याची सुरुवात डब्यानं झाली नाही, बिस्किटानं झाली. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन माणूस १८६० च्या आसपास वीजरोधक विकायला लंडनला गेला. गोदीत जहाजांवरची टाकून दिलेली कडक बिस्किटं कुत्रे खाताना त्यानं पाहिली आणि वीजरोधक राहिले बाजूला. गहू, बीट, भाज्या आणि मांस घालून त्यानं कुत्र्यांची बिस्किटं काढली. मांस कुठल्या जनावराचं आणि कुठलं, हे मात्र तो कधी सांगत नसे. या धंद्यातली ही पहिली 'मागची बाजू', आणि ती कोरी होती. त्याच्याच दुकानात उमेदवारी केलेला चार्ल्स क्रफ्ट, ज्यानं १८९१ मध्ये कुत्र्यांचं ते जगप्रसिद्ध प्रदर्शन सुरू केलं. विक्री कशी करावी हे त्या दुकानात शिकायला मिळत असणार!

डबा आला पहिल्या महायुद्धानंतर. मोटारी आणि ट्रॅक्टर आले, घोडे निरुपयोगी झाले. १९२२ च्या सुमारास अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावी चॅपल बंधूंनी घोड्याचं मांस डब्यात भरून 'केन-एल रेशन' नावानं विकायला काढलं. सिनेमातला कुत्रा रिन टिन टिन याच्या रेडिओ कार्यक्रमातून त्याची जाहिरात व्हायची. त्यांच्या इंग्लंडातल्या शाखेचं नाव चॅपी. ती शाखा १९३० च्या दशकात फॉरेस्ट मार्स यांनी विकत घेतली. हो, तेच चॉकलेटवाले मार्स. आज आपल्या किराणा दुकानात त्याच घराण्याची पाकिटं लटकलेली असतात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पत्र्यावर नियंत्रण आलं. कुत्र्याच्या खाण्याला कसला पत्रा? डबे बंद झाले, कोरडं खाद्य पुढे आलं. १९५० च्या दशकात न्याहारीचे कुरकुरीत दाणे बनवणाऱ्या यंत्रातून कुत्र्याचे दाणेही बाहेर पडायला लागले. डबेवाल्यांना परतायचं तर काहीतरी वेगळं सांगायला हवं होतं. त्यांनी सांगितलं, आमच्यात धान्य नाही, सगळं मांसच! गिऱ्हाइकांना ते पटलं. कुत्रा म्हणजे लांडगाच ना. आणि नुसत्या मांसावर वाढलेल्या पिल्लांची हाडं मोडायला लागली. म्हणजे २०११ मध्ये मी चंद्रपुरात जे केलं ते अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वीच करून झालं होतं, लोकांनी त्यावर लिहूनही ठेवलं होतं. असो.

'कुत्रा म्हणजे लांडगाच' हे अर्धंच खरं आहे. आमच्या ताडोब्यात रानकुत्री आहेत, कोळसुंदे म्हणतात त्यांना. कोळसुंद्यांचा कळप चितळ पाडतो तेव्हा नुसत्या मांडीच्या मांसावर थांबत नाही. काळीज, आतडी, चावता येतील ती हाडं, सगळं जातं. त्यांचं कॅल्शियम तिथून येतं. राहिला घरचा कुत्रा. २०१३ साली स्वीडनच्या एरिक ॲक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. माणसाच्या शेतीबरोबर कुत्राही भात पचवायला शिकला. त्यामुळे राणी आमच्या नागभीडच्या दादाजी खोब्रागडेंच्या एचएमटीचा भात आवडीनं खायची यात तिचा काही धर्म बुडत नव्हता.

*

आता टक्केवारी. हीच मला सगळ्यात जास्त फसवून गेली.

डब्यावर 'क्रूड प्रोटीन' म्हणून जो आकडा असतो तो प्रथिनं मोजून काढलेला नसतो. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल यानं पदार्थातलं नत्र मोजायची सोपी रीत काढली. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतं, म्हणून नत्राला ६.२५ नं गुणायचं आणि त्याला प्रथिन म्हणायचं. सोय म्हणून उत्तम. पण या रीतीला मांस, पिसं, चामडं आणि केस यांतला फरक कळत नाही. नत्र दिसलं की गुणिले सव्वासहा. १८४१ मध्ये कुत्र्यांनी जे शिकवलं होतं ते आपण आकड्यात दडवून टाकलं.

याचा शेवट २००७ मध्ये झाला. मार्च महिन्यात कॅनडातल्या मेनू फूड्स या कंपनीनं सहा कोटींवर डबे आणि पाकिटं बाजारातून परत बोलावली. ही एकच कंपनी कितीतरी वेगवेगळ्या ब्रँडांचे डबे भरून देत होती. स्वस्त आणि महाग डबा एकाच कारखान्यातून निघत होता. कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी होत होती. तपासात निघालं की चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन होतं. हो, तेच ज्याच्या प्लेटी बनतात. मेलामाइनच्या वजनात दोन तृतीयांश नत्र असतं. चिमूटभर टाकलं की केल्डालच्या रीतीत प्रथिनं वाढलेली दिसतात. सोबत असलेल्या सायन्युरिक आम्लाशी मिळून त्याचे मूत्रपिंडात खडे होत होते.

आमची एक मामेबहीण तेव्हा न्यू जर्सीत होती. तिचा कुत्रा सुखरूप राहिला, पण तिनं कपाटातले सगळे डबे ओट्यावर मांडून एकेकाचा नंबर यादीशी ताडून पाहिला होता. रात्रभर झोप नाही. तेव्हा फोनवर मी तिला हसलो होतो. कुत्र्याच्या खाण्याची एवढी काय काळजी!

पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, चीनमध्ये तेच मेलामाइन बाळांच्या दुधाच्या भुकटीत सापडलं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. भारतानं चिनी दुधाची आयात बंद केली. कुत्र्यांनी एक वर्ष आधी सांगितलं होतं. युक्ती तीच, भुकटी तीच, मोजायची रीत तीच.

आणि आपल्याकडे? आपला अन्न सुरक्षा कायदा २००६ चा. त्यातली 'अन्न' या शब्दाची व्याख्या काढून बघा. जनावरांचं खाद्य त्यातून स्पष्ट वगळलेलं आहे. भारतीय मानक ब्युरोचं कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी मानक आहे. पण दुकानात उभं राहून डबा पारखायचं काम शेवटी आपल्यावरच येतं.

*

तर भाची, आता तुझा डबा. मागची बाजू समोर धर.

पहिल्यांदा ती बारीक ओळ शोध. 'कम्प्लीट' किंवा 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' लिहिलंय का, आणि कोणत्या वयासाठी? तुझं पिल्लू आहे, तेव्हा 'ग्रोथ' किंवा 'पपी' हवं, किंवा सगळ्या वयांसाठी. 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'सप्लिमेंटल' असेल तर तो डबा म्हणजे लोणचं समज. जेवण नाही.

मग नाव नीट वाच. ज्या अमेरिकन संघटनेचे नियम बरेच परदेशी डबे पाळतात (ॲफ्को नावाची, १९०९ पासूनची), तिच्याप्रमाणे डब्याचं नाव नुसतं 'चिकन' असेल तर पाणी सोडून ९५ टक्के चिकन हवं. 'चिकन डिनर' असेल तर २५ टक्के चालतं. 'विथ चिकन' असेल तर फक्त ३ टक्के! आणि 'चिकन फ्लेवर' म्हणजे वास आला की झालं. माझ्या त्या डब्यावर 'विथ' होतं. इतका छोटा शब्द, मी त्याच्यावरून कितीदा नजर फिरवली असेन.

मग पाण्याचा हिशोब. तुझ्या डब्यावर प्रथिनं ८ टक्के आहेत, आणि कोरड्या पाकिटावर २४. म्हणून पाकीट तिप्पट चांगलं? नाही. डब्यात ८० टक्के पाणी आहे. उरलेल्या २० भागांत ८ प्रथिनं, म्हणजे कोरड्या वजनाच्या ४० टक्के. पाकिटात पाणी १० टक्के, उरलेल्या ९० त २४, म्हणजे २६-२७ टक्के. त्या संघटनेच्या हिशोबानं मोठ्या कुत्र्याला कोरड्या वजनात किमान १८ आणि पिल्लाला २२.५ टक्के लागतात. दोन्ही बसतात. पण पैसे मोजताना आठवण ठेव की डब्यात तू बहुतेक पाणीच विकत घेतेस. ओल्या खाण्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ९० कॅलरी. राणीसारख्या १५ किलोच्या कुत्रीला दिवसाला ७००-९०० लागायच्या. चारशे ग्रॅमचे दोन डबे रोज. मात्र आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४६-४७ वर असताना आणि कुत्रं पाण्याकडे बघत नसताना, तेच पाणी कामाला येतं. उन्हाळ्यात मी अजूनही ओलं खाणं द्यावं असंच सांगतो.

घटकांची यादी वजनाप्रमाणे उतरत्या क्रमानं असते, पण वजन शिजवण्याआधीचं, पाण्यासकट. मांस पाणी धरून पहिलं येतं. त्याखाली गहू, गव्हाचं ग्लुटेन, मक्याचं ग्लुटेन असे तुकडे वेगवेगळे लिहिलेले असतात. त्यांची बेरीज केली तर धान्य वर जाऊ शकतं. 'बाय-प्रॉडक्ट' शब्द दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नकोस. काळीज, फुप्फुस, प्लीहा हे सगळं त्यातच येतं, आणि वजडी, खूर, भेजा आपण स्वतः मिटक्या मारत खातो. कुठल्या जनावराचं ते लिहिलं असेल तर बरं. नुसतं 'मीट' लिहिलं असेल तर स्प्रॅटसाहेबांची आठवण कर.

कॅल्शियम आणि स्फुरद लिहिलंय का बघ. नसेल तर कंपनीच्या नंबरवर फोन करून विचार. उत्तर कसं देतात त्यावरूनही पुष्कळ कळतं. डबा फुगलेला, शिवणीवर चेपलेला असेल तर घेऊच नकोस.

आणि हे सगळं करून झाल्यावर दर पंधरा दिवसांनी पिल्लाचं वजन कर, त्याची शी बघ, चालताना मागे उभी राहून पाय बघ. कातडीच्या चमकेवर जाऊ नकोस, मी तिथेच फसलो. डॉक्टर बघतीलच, पण डॉक्टरांना दाखवायला नेणारी तू आहेस.

*

ताई म्हणेल, एवढं सगळं करण्यापेक्षा आईसारखं घरी शिजव. तर तेही सांगून टाकतो. आईचं सगळं बरोबर नव्हतं. आमटी-रस्सा उरला की ती राणीच्या पेजेत ओतायची, आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, वाचून कळलं. कांदा बंद, लसूण बंद, द्राक्षं आणि चॉकलेट तर दारातच बंद. मी सांगितल्यावर आई गप्प राहिली. दुसऱ्या दिवसापासून राणीचं पातेलं आमच्या फोडणीच्या आधी वेगळं निघायला लागलं. मी डबे पूर्ण सोडले नाहीत, फक्त 'कम्प्लीट' असलेलेच आणायला लागलो. सकाळी पेज आणि वाटलेली मासोळी, संध्याकाळी डबा किंवा दाणे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे वजन. आई आणि मी दोघांनी मिळून काढलेला तोडगा होता तो.

आई २०१९ मध्ये गेली. राणी बारा वर्षं जगली, २०२३ च्या उन्हाळ्यात गेली. डावा पुढचा पाय शेवटपर्यंत जरासा बाहेर वाकलेला राहिला. पळायची मात्र छान. पावसाळ्यात गल्लीतल्या चिखलात तिच्या पावलांचे ठसे उमटायचे, त्यात डावा ठसा तिरका असायचा. मी रोज फाटक उघडताना तो बघायचो.

आईचा पाटा अजून मागच्या ओट्यावर पडून आहे. भाची, दिवाळीला येशील तेव्हा पिल्लाला घेऊन ये. येताना डबाही आण, आपण दोघं मिळून भिंगानं वाचू. मासोळी मी आणून ठेवतो. वाटायची कशी ते मला आता येतं.